वाटीची शीग आणि मैद्याचे वजन



केकच्या कृतीत ‘एक कप मैदा’ असे आले की आपल्यातल्या कितीतरी जणी विचारतात, म्हणजे नेमके किती ग्रॅम? या कपाचा इतिहास कळला की उत्तरही कळते.

जुना केक वजनावरच चाले. ‘पाउंड केक’ हे नावच बघा ना. मैदा, लोणी, साखर आणि अंडी, प्रत्येकी एक पाउंड. अंडी आपल्याला वर्ज्य, पण हिशोब ध्यानात घ्या. १७९६ साली अमेरिकेत छापलेल्या अमेलिया सिमन्स यांच्या पुस्तकात हा केक आहे. पण घरोघरी तराजू कुठला? मग चहाचा कप, ‘अंड्याएवढे लोणी’, शीग लावलेला चमचा अशी मापे चालत. जिचा कप मोठा, तिचा केक वेगळा.

बॉस्टन शहरात १८७९ मध्ये पाककलेची एक शाळा निघाली. पुढे तिथल्या मुख्याध्यापिका झालेल्या फॅनी फार्मर यांचे पुस्तक १८९६ मध्ये आले. प्रकाशकाला खपाची खात्री नव्हती, म्हणून छपाईचा खर्च बाईंनीच सोसला. त्यांचा आग्रह एकच होता, ठराविक मापाचा कप आणि चमचा घ्या, भरा आणि वरून सुरी फिरवून सपाट करा. आपल्या भाषेत सांगायचे तर त्यांनी शीग काढली. जिने आईच्या शेजारी उभे राहून काही शिकले नाही, तिलाही पुस्तकावरून केक जमू लागला. हे उपकार लहान नाहीत.

शीग गेली, पण कपातली हवा राहिली. मैदा चमच्याने हलका भरला तर अमेरिकन कपात (साधारण २३७ मिली) १२० ग्रॅम बसतो. तोच कप डब्यात खुपसून भरला तर १५० ग्रॅमपर्यंत जातो. मी वाणिज्य शाखेची, म्हणून मांडून दाखवते. दोन कपांमागे ६० ग्रॅम जादा, म्हणजे अर्धा कप मैदा फुकट वाढला. मग केक कोरडा होतो आणि दोष बिचाऱ्या दह्यावर नाहीतर सोड्यावर जातो. साखरेचा कप २०० ग्रॅमचा, लोण्याचा २२७ चा. एकच कप, वजने तीन. त्यात ऑस्ट्रेलियाचा कप २५० मिलीचा.

आपल्याकडे तरी काय वेगळे होते? चिपटे, मापटे, शेर, पायली ही भरून मोजायची मापे. वजनाचा शेर निराळा, मापाचा निराळा, नाव मात्र एकच! १९५६ च्या कायद्यानंतर ऑक्टोबर १९५८ पासून किलो-ग्रॅम टप्प्याटप्प्याने बाजारात आले. ८० तोळ्यांचा वजनी शेर म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅम. दुकानातला तराजू बदलला, पण स्वयंपाकघरात वाटीच राहिली.

माप आणि वजन हा भेद आपल्या आचार्यांनी फार पूर्वी ओळखला होता. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अचौर्य व्रताचा एक अतिचार सांगितला आहे, ‘हीनाधिकमानोन्मान’. मान म्हणजे भरून मोजणे, उन्मान म्हणजे तोलणे. देताना कमी आणि घेताना जास्त, हे दोन्हीकडे होऊ शकते, म्हणून दोन्हींचे नाव घेतले. ते व्यवहारासाठी सांगितले आहे, केकसाठी नव्हे, हे खरे. पण आपली वाटी आणि तराजू यांची गाठ घालून ठेवायला काय हरकत आहे?

एक दुपार काढा. आपली नेहमीची वाटी घ्या. मैदा, रवा, पिठीसाखर, तूप, दही एकेक करून सपाट भरा, तोला आणि वहीत आकडे लिहा. कणीक चाळण्यापूर्वीची की चाळल्यानंतरची, तेही लिहा. लेक परदेशी असो की सून दुसऱ्या गावी, त्यांच्याकडे तुमची वाटी नसणार. ग्रॅम मात्र सगळीकडे सारखेच. तुमच्या हाताची नानकटाई पुढच्या पिढीत पोचवायची असेल, तर ‘अंदाजाने’ हा शब्द खोडून तिथे आकडा घाला.