सरड्याचं पिल्लू आणि मुडदूस

बऱ्याच दिवसांत इथे काही लिहिलं नाही. गेले काही महिने मी एका सरड्यात गुंतले होते. हसू नका, खरंच सांगते.

माझा नातू टेक्सासमध्ये, फोर्ट वर्थला असतो. वाढदिवसाला त्याने हट्टाने शॅमेलिऑनचं पिल्लू आणलं. आपल्याकडे ज्याला घोयरा सरडा म्हणतात, त्याचाच हा येमेनकडचा भाऊबंद, डोक्यावर उभा तुरा असलेला. (आपला घोयरा घरी पाळायला वन्यजीव कायद्याने बंदी आहे, हे आधीच सांगून ठेवते. नाहीतर इकडची नातवंडं उद्या झाडं धुंडाळत फिरतील.) पिल्लू माझ्या करंगळीएवढं. ते पाणीसुद्धा वाटीतून पीत नाही, पानावर पडलेले थेंब चाटतं.

त्याचं जेवण हा मोठा सोहळा. फळांवरची चिलटं आणि अगदी बारके रातकिडे, तेही दिवसातून दोनतीनदा. रातकिडा पिल्लाच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा नको. त्या रातकिड्यांनाच आधी हिरवा पाला खाऊ घालायचा, मग त्यांना पिशवीत घालून, चिमूटभर कॅल्शियमची पांढरी पूड टाकून पिशवी हलवायची. रव्यात घोळवलेल्या वांग्याच्या कापांसारखे ते पांढरे होऊन निघतात! एवढा खटाटोप का, तर किड्याला हाडं नसतात. त्याच्या अंगात फॉस्फरस कॅल्शियमच्या कित्येक पट असतो आणि वाढत्या पिल्लाला हवं नेमकं उलट, म्हणजे फॉस्फरसच्या दीडदोनपट कॅल्शियम. ती तूट पुडीने भरायची.

पुडीबरोबर दुकानदाराने एक खास दिवाही घ्यायला सांगितला होता. तो बराच महाग. मी व्हिडिओ कॉलवर म्हटलं, "अरे, टेक्सासात एवढं रणरणतं ऊन. पिंजरा खिडकीत ठेव की! दिव्यावर कशाला पैसे घालवतोस?" नातवाने आजीचं ऐकलं.

दोन महिन्यांनी त्या पिल्लाचे पुढचे पाय धनुष्यासारखे वाकले. फांदी धरेना. जीभ फेकायचं, पण ती किड्यापर्यंत पोचायची नाही. पशुवैद्य बाईंनी एक्स-रे काढला आणि पहिलाच प्रश्न विचारला, "खिडकीला काच आहे का?"

काच उजेड आत सोडते, ऊबही सोडते, पण उन्हातले जे अतिनील किरण कातडीत ड जीवनसत्त्व तयार करतात ते काचेतच अडतात. आणि ड नसेल तर कॅल्शियमची कितीही पूड घाला, ती आतड्यातून अंगात फारशी शिरत नाही. पिल्लू रोज पांढरे किडे खात होतं आणि हाडांनी उपाशी होतं.

नातू मला काही बोलला नाही. त्याचंच जास्त वाईट वाटलं. मग मी वाचायला बसले. चाळीस वर्षं मुलांना इतिहास शिकवला, दुसरं काय येतं मला?

हा धडा माणसाला कळायला पुष्कळ वर्षं लागली आहेत. १८८९ च्या सुमाराला लंडनच्या प्राणिसंग्रहालयात सिंहाचे छावे जगत नव्हते. वेतामागून वेत मुडदूस होऊन दगावत होतं. जॉन ब्लँड-सटन नावाच्या शल्यचिकित्सकाने पाहिलं, की छाव्यांना नुसतं घोड्याचं मांस मिळतं आणि त्यातली हाडं त्यांना फुटत नाहीत. त्याने हाडांचा चुरा, दूध आणि कॉड माशाच्या यकृताचं तेल सुरू केलं. तीन महिन्यांत छावे सुधारले. चुऱ्यात कॅल्शियम होतं आणि तेलात ड. पण तेलात काय आहे ते तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हतं. त्या घटकाला ड हे नाव मिळालं १९२२ नंतर, अमेरिकेतल्या मॅकॉलम यांच्या कामातून.

उन्हाची बाजू उलगडली ती बर्लिनमध्ये. पहिलं महायुद्ध नुकतंच संपलेलं, मुलं उपाशी आणि पाय वाकडे. कुर्ट हुल्डशिन्स्की या डॉक्टरने मुडदूस झालेल्या मुलांना पाऱ्याच्या दिव्याखाली बसवलं आणि १९१९ साली निष्कर्ष छापले. हाडं भरून आली होती. त्याने एकाच हातावर किरण पाडून बघितले, तर दुसऱ्या हाताचं हाडही सुधारलं! म्हणजे कातडीत काहीतरी तयार होऊन रक्तातून सगळीकडे जात होतं. आणि तो दिवा साध्या काचेचा नव्हता, क्वार्ट्झचा होता. साध्या काचेचा असता तर किरण बाहेरच आले नसते. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ गप्प बसले.

पुढे जे वाचलं ते तर आमच्या गावचंच निघालं. हचिसन आणि शाह यांचा मुडदुसाच्या कारणांवरचा निबंध १९२२ साली एका इंग्रजी वैद्यकीय त्रैमासिकात आला. पाहणी आमच्या नाशिक भागातली. गरिबांची पोरं, जेवण निकृष्ट, पण दिवसभर उन्हात, त्यांच्यात मुडदूस नव्हता. खात्यापित्या घरांतल्या, पडद्याआड वाढणाऱ्या मुलींना आणि बायकांना होता.

माझी थोरली बहीण, माई, १९४३ ची. जुन्या नाशकातला आमचा वाडा, आतली खोली, दिवसासुद्धा कंदील लागायचा. घरी दूधदुभतं भरपूर. पण माझी आजी सगळ्यांना बजावून ठेवायची, "पोरीला उन्हात नेऊ नका, काळी पडेल." माई उशिरा चालायला लागली आणि चालली ती पाय फाकवून. डॉक्टरांनी माशाचं तेल लिहून दिलं. युद्धामुळे परदेशी तेल मिळणं अवघड झालं होतं, आपल्याकडे शार्कच्या यकृताचं तेल निघू लागलं होतं. पण आमचं घर शाकाहारी, आजीने बाटली उंबऱ्याच्या आत येऊ दिली नाही. ती कितीतरी दिवस ओटीवरच्या कोनाड्यात होती म्हणे. आई हे सांगायची तेव्हा तिचा आवाज बदलायचा. माईचे पाय शेवटपर्यंत वाकडेच राहिले. शाळेत तिला 'बदक' म्हणत. माझ्या आजीला दोष देण्यात अर्थ नाही. नाशिकवरचा तो निबंध नाशिकच्या वाड्यांत वाचणार कोण? पण २१ वर्षं आधी छापलं गेलं होतं, हे मात्र मनातून जात नाही.

असो. सरड्याकडे येते.

गंमत म्हणजे नातवाच्या गावातच, फोर्ट वर्थच्या टेक्सास ख्रिश्चन विद्यापीठात, गॅरी फर्ग्युसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शॅमेलिऑनवर वर्षानुवर्षं काम केलं आहे. मादागास्करच्या पँथर शॅमेलिऑनवरचे त्यांचे प्रयोग २००३ आणि २००९ साली प्रसिद्ध झाले. ज्या सरड्यांच्या खाण्यात ड कमी, ते आपणहून जास्त वेळ अतिनील किरणांत जाऊन बसतात. ज्यांना पुरेसं मिळतं ते सावली धरतात. त्यांना कोणी सांगावं लागत नाही. आमच्या पिल्लाची मात्र निवड करायचीच सोय मी ठेवली नव्हती.

आता दिवा आला आहे. पिंजरा जाळीचा, मध्ये काच नाही. साधी पूड जवळजवळ रोज; ड घातलेली पूड महिन्यातून दोनदाच, कारण ते जास्त झालं तर कॅल्शियम हाडांऐवजी मऊ अवयवांत जाऊन बसतं. दिवा वर्षाच्या आत बदलायचा, कारण उजेड दिसत राहतो पण कामाचे किरण आटत जातात. पशुवैद्य बाईंनी सांगितलं आहे, की हाडं घट्ट होतील, पण जो बाक आला तो पुरता जाणार नाही. आता ते फांदी धरतं. परवा चौथ्या खेपेला का होईना, जिभेने रातकिडा पकडला.

शॅमेलिऑनला ऊब हवी असली की तो अंगाचा रंग गडद करतो, म्हणजे उष्णता जास्त शोषली जाते. काल सकाळी नातवाने फोन पिंजऱ्यासमोर धरला. पिल्लू दिव्याखाली अंग चपटं करून बसलं होतं.

"आजी, बघ, काळा पडला!"

"पडू दे रे," मी म्हटलं.