देवळालीचे मास्तर आणि नऊची भानगड

मंडळी, या वीकेंडला थोडं गणित. घाबरू नका, वजाबाकी येत असली की झालं.

चाकणवरून जाणारा हायवे नाशिकला पोचतो. नाशिकच्या शेजारी देवळाली. तिथे दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर (१९०५-१९८६) १९३० ते १९६२ शाळामास्तर होते. फर्ग्युसनमध्ये असताना १९२७ साली त्यांना रँग्लर परांजपे पारितोषिक मिळालेलं, पण पदव्युत्तर शिक्षण काही झालं नाही. त्यामुळे इथल्या बऱ्याच गणितज्ञांना त्यांचं काम म्हणजे नुसते आकड्यांचे खेळ वाटायचे. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनरने 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये त्यांच्यावर लिहिलं, तेव्हा कुठे जगाला नाव कळलं.

त्यांचा गाजलेला खेळ असा. चार अंक घ्या, सगळे सारखे नकोत. चाकणचा पिनकोड ४१०५०१, त्यातले पहिले चार घेऊ: ४१०५. उतरत्या क्रमातून चढता क्रम वजा करा, आणि आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच.

५४१० - ०१४५ = ५२६५
६५५२ - २५५६ = ३९९६
९९६३ - ३६९९ = ६२६४
६६४२ - २४६६ = ४१७६
७६४१ - १४६७ = ६१७४

आता ६१७४ वर करून बघा, पुन्हा ६१७४! जास्तीत जास्त सात पायऱ्यांत इथेच येतो आपण. (उत्तर तीन अंकी आलं तर पुढे शून्य लावायचं.)

पण वरची सगळी उत्तरं बघा: प्रत्येकाला ९ ने भाग जातो. योगायोग? छे! १००० म्हणजे ९९९ + १, १०० म्हणजे ९९ + १, १० म्हणजे ९ + १. म्हणून कुठलीही संख्या म्हणजे '९ ची कुठलीतरी पट + तिच्या अंकांची बेरीज'. अंकांची जागा बदलली तरी बेरीज तीच राहते. वजाबाकीत ती उडते, उरते फक्त ९ ची पट. झालं सिद्ध!

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना यात एक धडा आहे. ६१७४ ची गोष्ट लूप लावून तपासता येते, कारण चार अंकी संख्या मोजक्याच. सगळ्या तपासल्या की तोच पुरावा. ९ ची गोष्ट मात्र कितीही अंकी संख्यांना लागू आहे. तिथे कोटभर टेस्ट केस पास झाल्या तरी पुरावा होत नाही, वरच्या चार ओळी मात्र पुरतात.

जाता जाता: अंकांच्या बेरजेने भाग जाणाऱ्या संख्यांना कापरेकरांनी नाव दिलं 'हर्षद', आनंद देणाऱ्या. ६१७४ च्या अंकांची बेरीज १८. द्या बरं भाग!