शिकारीचा मोसम कोण ठरवतं?

मंडळी, या विकांताला पिक्चर सोडून मी १९१२ चा एक कायदा वाचत बसलो. (हसा खुशाल. सोमवारी ऑफिसातही हसणारच आहेत.)

निमित्त झालं आमच्या क्लायंटकडच्या एका माणसाचं. तो अमेरिकेतल्या मॉन्टाना राज्याचा. तिथे एल्क किंवा हरणांच्या शिकारीचे दिवस बदलायचे असतील तर प्रस्ताव आधी जाहीर होतो, लोक लेखी किंवा सभेत उभं राहून मत देतात आणि मग आयोग निर्णय घेतो. रँचवाला, शिकारी, प्राणिप्रेमी, सगळे भांडतात म्हणे. मी अकोल्याचा. माझ्या डोक्यात लगेच आलं, आपल्या वऱ्हाडात हे असं कधी कोणी विचारलं होतं का?

तर तो कायदा. वन्य पक्षी आणि प्राणी संरक्षणाचा, अगदी छोटासा. प्रांत सरकारने वर्षातला काही काळ 'बंद मोसम' म्हणून जाहीर करायचा आणि त्या काळात यादीतले प्राणी मारायचे नाहीत. यादीत हरणं, रानरेडे, गेंडे, ससेसुद्धा आहेत. वाघ नाही, रानडुक्कर नाही. वाघ मारला तर त्या काळी उलट इनाम मिळायचं. इतिहासकार महेश रंगराजन यांच्या हिशोबाने १८७५ ते १९२५ या पन्नास वर्षांत देशात ८० हजारांवर वाघ मारले गेले.

मोसम ठरवताना लोकांना विचारायची तरतूद त्यात नाही. वऱ्हाडची गत तर आणखी मजेशीर. हा मुलूख कागदोपत्री निजामाचा, १८५३ पासून कारभार इंग्रजांचा, १९०३ मध्ये मध्य प्रांताला जोडलेला. त्यामुळे ब्रिटिश हिंदुस्थानचे कायदे इथे थेट लागू होत नसत, वेगळा हुकूम काढून लावावे लागत. पुढे कायदेमंडळ आलं तेव्हा अमरावती-अकोल्याचे प्रतिनिधी मतदानाने निवडून यायचे आणि मग सरकार त्यांना 'नेमायचं', कारण तांत्रिकदृष्ट्या ते परक्या मुलखातले! सरकारी डोकं कसं चालतं याचा इतका छान नमुना मी दुसरा पाहिलेला नाही.

असो. पण त्या १९१२ च्या कायद्याच्या शेवटी एक कलम आहे, ज्यासाठी हा सगळा लेख. स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवण्यासाठी, आणि प्रामाणिकपणे मालमत्तेच्या रक्षणासाठी प्राणी मारला तर हा कायदा लागू नाही. मालमत्तेत उभं पीक आलंच. म्हणजे मोसम साहेबाने ठरवला, तरी शेताच्या धुऱ्यावर निर्णय शेतकऱ्याचा होता.

मग १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला. वन्य प्राणी हा तेव्हा राज्यांचा विषय, म्हणून आधी काही विधानमंडळांनी ठराव करून संसदेला विनंती केली. (१९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने तो समवर्ती सूचीत गेला.) आज अनेकांना ठाऊक नसतं, पण मूळ कायद्यात शिकारीचे परवाने होते. 'बिग गेम'चा वेगळा, 'स्मॉल गेम'चा वेगळा. चितळ, नीलगाय हे 'बिग गेम'. १९९१ च्या दुरुस्तीने ते सगळं गेलं. चांगलंच झालं. मेळघाट १९७३-७४ मध्ये पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांत आला नसता आणि बंदुका चालू राहिल्या असत्या, तर आज आपण तिथे सफारीला नक्कीच गेलो नसतो.

पण जाता जाता ते छोटं कलमही बदललं. नव्या कायद्यात स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवण्यासाठी मारायची मुभा राहिली, पिकासाठी मात्र परवानगी काढा. कलम ११ प्रमाणे मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी कारणं नमूद करून लेखी हुकूम देणार. तोवर रोही, म्हणजे आपली नीलगाय, हरभरा संपवून पुढच्या वावरात गेलेला असतो. माझे मामा पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात शेती करतात. त्यांचा प्रश्न असा, "अर्ज कराले जाऊ का जागलीले जाऊ, सांग ना बाप्पा!"

मामांना शिकारीचा शौक नाही. रोही मारणं त्यांना पापच वाटतं, नावातच गाय आहे ना. पण विचारावं तरी, एवढंच त्यांचं म्हणणं, आणि मला ते पटतं.

कायद्याला विचारता येत नाही असंही नाही. अभयारण्य करायचं तर जिल्हाधिकारी जाहीरनामा काढतो आणि जमिनीवर हक्क सांगणाऱ्यांना दोन महिने देतो. म्हणजे जमिनीबद्दल विचारतात. प्राण्याबद्दल नाही. कलम ६२ खाली एखादा प्राणी उपद्रवी ठरवायचा तर केंद्राची अधिसूचना पुरे, हरकती-सूचनांची पायरी त्या कलमात नाहीच. २०१५ मध्ये बिहारमध्ये नीलगाय आणि रानडुक्कर असे जाहीर झाले आणि जून २०१६ मध्ये मोकामा भागात बाहेरून आणलेल्या नेमबाजांनी दोनशेवर नीलगाई मारल्या. मग दिल्लीत मेनका गांधी विरुद्ध प्रकाश जावडेकर असा एकाच सरकारातला सामना रंगला. जावडेकरांचं उत्तर होतं की राज्य मागतं, आम्ही परवानगी देतो. शेतकरी या भांडणात फक्त विषय म्हणून होता.

आणि फासेपारधी? त्यांची तर पिढ्यान् पिढ्यांची उपजीविकाच शिकारीची, फास लावून काळवीट धरण्यात वाकबगार. २००६ च्या वनहक्क कायद्याने जंगलावरचे पारंपरिक हक्क मान्य केले, पण त्याच वाक्यात शिकारीचा आणि सापळ्याचा हक्क वगळला. काळविटासाठी कारंजा-सोहोळ अभयारण्य झालं ते २००० मध्ये, वाशीम जिल्ह्यात, जो १९९८ पर्यंत अकोल्यातच होता. शिकार परत सुरू करा असं मी म्हणणार नाही. पण कुठे काळवीट वाढले, कुठे कमी झाले, कुठल्या महिन्यात कळप कुठे असतो, हे सांगायला वऱ्हाडात यांच्याइतका जाणता माणूस दुसरा कुठे मिळणार?

२०२२ च्या दुरुस्तीने सहा परिशिष्टांची चार झाली, उपद्रवी प्राण्यांचं वेगळं परिशिष्ट गेलं, कलम ६२ मात्र राहिलं. तिकडे पूर्णाकाठी पीक नुकसानीचा पंचनामा होतो, भरपाईचा अर्ज होतो. पण रानडुकरांच्या भीतीने मामांनी भुईमूग पेरायचाच सोडला, त्यासाठी कुठल्याच फॉर्ममध्ये रकाना नाही.