संप कुणाचा? गिरणीच्या विणकाम खात्यापासून जुन्या पेन्शनपर्यंत

१४ मार्च २०२३ ला महाराष्ट्रातले शिक्षक आणि सरकारी कर्मचारी जुन्या पेन्शनसाठी संपावर गेले, तेव्हा आपल्याच तरुणांत दोन तट पडले. एक म्हणाला, कामगारांचा लढा आहे, पाठिंबा द्या. दुसरा म्हणाला, पोट भरलेल्यांचा संप आहे, आम्ही अर्ध्या पगारात कामाला तयार आहोत. हे दुसरे संदेश आपल्या वस्त्यांतल्या मोबाईलवर त्या आठवड्यात भरपूर फिरले. दोन्ही बाजूंनी बाबासाहेबांचा फोटो लावला होता. म्हणून बाबासाहेबांनी प्रत्यक्ष काय केले ते आधी पाहू.

१९२८ साली मुंबईच्या गिरण्यांत एप्रिल ते ऑक्टोबर असा प्रदीर्घ संप झाला. त्या गिरण्यांत विणकाम खात्याचा पगार चांगला, पण अस्पृश्य कामगाराला तिथे प्रवेश नव्हता. कांडीतला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे आणि सवर्ण कामगाराला त्यात विटाळ दिसे. मालकाशी लढणारा हा कामगार शेजारच्या कामगाराला मात्र खात्याबाहेर ठेवत होता. बाबासाहेबांनी हा प्रश्न युनियनच्या पुढाऱ्यांपुढे ठेवला. १९२९ मध्ये पुन्हा संप झाला, तेव्हा त्यांनी उघड विरोध केला. आजही काही डावे मित्र हा विरोध अडचणीचा म्हणून झाकतात, आणि आपले काहीजण तेवढाच सांगतात. संप लांबला की पहिली उपासमार कुणाची होते? ज्याच्यामागे गावात शेत नाही त्याची.

पण गोष्ट इथे संपत नाही. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला अस्पृश्य रेल्वे कामगारांच्या परिषदेत बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे दोन शत्रू सांगितले. त्याच वर्षी खेर यांच्या काँग्रेस सरकारने औद्योगिक कलह विधेयक आणले. त्यात संपाला बेकायदा ठरवून शिक्षेची तरतूद होती. बाबासाहेब कायदेमंडळात उभे राहिले. माणसाला मनाविरुद्ध काम करायला लावणे ही गुलामगिरीच आहे, असा त्यांचा मुद्दा होता. ७ नोव्हेंबर १९३८ ला स्वतंत्र मजूर पक्ष कम्युनिस्टांच्या खांद्याला खांदा लावून एक दिवसाच्या संपात उतरला. नऊ वर्षांपूर्वी ज्यांच्याशी भांडण झाले, त्यांच्याच सोबत! विधेयक तरीही कायदा झाले.

संप करण्याचा हक्क आणि एखाद्या संपातला अन्याय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे बाबासाहेबांनी कधी विसरू दिले नाही.

आता २०२३ कडे येऊ. संपाच्या पहिल्याच दिवशी विधिमंडळात मेस्मा मंजूर झाला. मागणी खोटी नव्हती. १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांना जुनी पेन्शन नाही; त्यांचा पैसा बाजारावर अवलंबून. जुन्या पेन्शनला महागाई वाढेल तसा भत्ता जोडलेला होता. आपल्या घरांतून पहिल्यांदा नोकरीला लागलेला मुलगा किंवा मुलगी बहुतेक या २००५ नंतरच्याच रांगेत आहे. म्हणजे आपण आत पोचलो आणि दार अरुंद झाले. अर्ध्या पगारात काम करू म्हणणाऱ्या भावाने हे लक्षात घ्यावे; तो ज्या खुर्चीची वाट पाहतोय तिचीच किंमत तो कमी करतोय.

आणि संपकऱ्यांनाही विचारू. तुमचे विणकाम खाते कोणते? मुंबईत गॅस सिलिंडर १००० रुपयांच्या वर गेला तेव्हाही प्राथमिक शिक्षणसेवकाला महिना ६००० रुपये मिळत होते; जानेवारी २०२३ पासून ते १६००० झाले. तीन वर्षे असे काढायची. विनाअनुदानित शाळेतला शिक्षक टप्पा अनुदानासाठी आझाद मैदानात बसतो, तासिका तत्त्वावरचा प्राध्यापक सुट्टीत बेरोजगार असतो. पेन्शनच्या घोषणेत या लोकांचे नाव किती मोठ्याने घेतले गेले?

संप सातव्या दिवशी, २० मार्चला, आश्वासनावर मागे घेतला गेला. ऑगस्ट २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने केंद्राची एकीकृत पेन्शन योजना स्वीकारली. नियमित कर्मचाऱ्याला निदान काहीतरी मिळाले. तासिकेवरचा आमचा मित्र मात्र आजही नेमणूकपत्राची वाट पाहतोय, आणि पुढच्या संपाच्या बैठकीला कोणत्याही संघटनेने त्याला बोलावलेले नाही. तिथे बोलावले नाही तरी जायचे, आणि मागण्यांच्या यादीत त्याचा मुद्दा घ्यायला लावायचा, असे आम्ही ठरवले आहे.