पहिल्या क्रमांकाची पात्रता : ब्रिगहॅम यंग विद्यापीठाचा १९८४ चा फुटबॉल संघ

प्रस्तावना

१९८४ च्या हंगामात अमेरिकेच्या यूटा राज्यातील ब्रिगहॅम यंग विद्यापीठाच्या फुटबॉल संघाने तेरा सामने खेळले आणि तेराही जिंकले. त्या वर्षी सर्वोच्च श्रेणीतील दुसरा कोणताही संघ अपराजित राहिला नाही. जानेवारी १९८५ मध्ये पत्रकारांच्या आणि प्रशिक्षकांच्या अशा दोन्ही प्रमुख क्रमवारींत या संघाला पहिले स्थान मिळाले. वरवर पाहता येथे वादाला जागा नव्हती. तरीही अमेरिकन महाविद्यालयीन फुटबॉलच्या इतिहासात ज्या विजेतेपदांविषयी सर्वाधिक शंका घेतल्या गेल्या, त्यांत या विजेतेपदाची गणना होते. आक्षेपाचा गाभा एकच होता : हा संघ जिंकला खरा, पण कोणाविरुद्ध?

येथे अभिप्रेत असलेला फुटबॉल म्हणजे आपल्या परिचयाचा पायाने खेळावयाचा खेळ नव्हे. लंबगोल चेंडू हातात घेऊन किंवा फेकून प्रतिपक्षाच्या हद्दीत नेण्याचा हा अमेरिकन खेळ आहे. मात्र प्रस्तुत लेखाचा विषय खेळाचे तंत्र हा नसून श्रेष्ठत्व ठरविण्याची रीत हा आहे. ब्रिगहॅम यंगला मिळालेला क्रमांक न्याय्य होता काय, या प्रश्नाचे उत्तर शोधताना क्रमवारी नेमके काय मोजते, हेही तपासावे लागते.

मतांवर ठरणारे विजेतेपद

या खेळाच्या सर्वोच्च महाविद्यालयीन श्रेणीत शंभराहून अधिक संघ आहेत आणि त्या काळी प्रत्येक संघ हंगामात साधारणतः अकरा ते बारा सामने खेळत असे. त्यामुळे सर्वांनी सर्वांशी खेळणे अशक्यच होते. बहुतेक विद्यापीठे 'कॉन्फरन्स' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रादेशिक संघटनांत विभागलेली होती व निम्म्याहून अधिक सामने आपापल्या संघटनेतच होत. हंगामाच्या शेवटी निवडक संघांना 'बाऊल' नावाच्या निमंत्रित सामन्यांत खेळता येई. परंतु हे सामने परस्परांपासून स्वतंत्र असत. त्यांतून एक अंतिम विजेता निघेल अशी रचना नव्हती.

ही उणीव मतदानाने भरून काढली. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने १९३६ पासून क्रीडापत्रकारांच्या मतांवर आधारित साप्ताहिक क्रमवारी सुरू केली. १९५० पासून युनायटेड प्रेसने प्रशिक्षकांच्या मतांची स्वतंत्र क्रमवारी प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. ही व्यवस्था निर्दोष नव्हती. १९६६ साली नॉत्र दाम आणि मिशिगन स्टेट यांचा परस्परांतील सामना १०-१० असा बरोबरीत सुटला. तरीही अखेरीस हेच दोन संघ पहिल्या व दुसऱ्या स्थानावर राहिले आणि सर्व सामने जिंकलेला अलाबामा तिसरा ठरला. १९७३ साली प्रशिक्षकांनी बाऊल सामन्यांपूर्वीच अलाबामाला विजेता घोषित केले. पुढे तोच संघ नॉत्र दामकडून २४-२३ असा पराभूत झाला. त्यानंतर १९७४ पासून प्रशिक्षकांचे अंतिम मतदान बाऊल सामन्यांनंतर होऊ लागले. म्हणजेच १९८४ पूर्वीही क्रमांक हा मैदानावरील निकाल आणि मतदारांची धारणा या दोहोंच्या मिश्रणातूनच निघत होता.

हंगामाचा घटनाक्रम

ब्रिगहॅम यंग हे लॅटर-डे सेंट्स पंथाच्या चर्चने चालविलेले विद्यापीठ आहे. १९७२ पासून प्रशिक्षकपदी असलेल्या लाव्हेल एडवर्ड्स यांनी येथे चेंडू फेकण्यावर भर देणारी आक्रमणशैली रुजविली होती. आदल्या वर्षीचा नामवंत क्वार्टरबॅक स्टीव्ह यंग पदवी घेऊन बाहेर पडला होता व त्याची जागा रॉबी बॉस्को याने घेतली होती.

१ सप्टेंबर १९८४ रोजी पहिला सामना पिट्सबर्ग येथे, त्या वेळी तिसऱ्या क्रमांकावर असलेल्या पिट्सबर्ग विद्यापीठाविरुद्ध झाला. ब्रिगहॅम यंगने तो २०-१४ असा जिंकला. या सामन्याला आणखी एक पार्श्वभूमी आहे. जून १९८४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन अशा बहुमताने, महाविद्यालयीन फुटबॉलच्या दूरचित्रवाणी प्रक्षेपणावरील राष्ट्रीय क्रीडासंघटनेची मक्तेदारी अवैध ठरविली होती. त्यामुळे वाहिन्यांना मोकळीक मिळाली आणि ईएसपीएन वाहिनीने नियमित हंगामातील थेट प्रक्षेपित केलेला हा पहिला महाविद्यालयीन सामना ठरला. डोंगराळ पश्चिमेतील एक संघ हंगामाच्या आरंभी देशभर दिसला.

पुढील विजय सर्वच सुलभ नव्हते. हवाईविरुद्ध १८-१३, वायोमिंगविरुद्ध ४१-३८ आणि एअर फोर्सविरुद्ध ३०-२५ असे निसटते निकाल लागले. दरम्यान बलाढ्य मानले गेलेले संघ एकामागून एक पडत गेले. १० नोव्हेंबर रोजी अग्रस्थानी असलेला वॉशिंग्टन संघ सदर्न कॅलिफोर्नियाकडून १६-७ असा हरला. १७ नोव्हेंबर रोजी पहिल्या क्रमांकावरील नेब्रास्काला ओक्लाहोमाने १७-७ असे, तर दुसऱ्या क्रमांकावरील साऊथ कॅरोलायनाला नेव्हीने ३८-२१ असे नमविले. तिसऱ्या स्थानावरील ब्रिगहॅम यंग आपोआप पहिल्या स्थानी आला.

२१ डिसेंबर रोजी सॅन दिएगो येथील हॉलिडे बाऊलमध्ये त्याची गाठ मिशिगनशी पडली. बॉस्कोच्या पायाला पहिल्याच सत्रात दुखापत झाली. तो लंगडत परतला. चौथ्या सत्रात सात गुणांनी मागे असलेल्या संघाने बरोबरी साधली आणि सामना संपण्यास दीड मिनिटाहून कमी अवधी उरला असता विजयी टचडाउन नोंदविला. अंतिम गुणसंख्या २४-१७ अशी होती. १ जानेवारी १९८५ रोजी ऑरेंज बाऊलमध्ये वॉशिंग्टनने ओक्लाहोमावर २८-१७ अशी मात केली. अंतिम मतदानात वॉशिंग्टनला दुसरे स्थान मिळाले.

आक्षेपांचे स्वरूप

आक्षेप घेणाऱ्यांची बाजू दुबळी होती असे म्हणता येणार नाही. ज्या पिट्सबर्गवरील विजयाने ब्रिगहॅम यंगची कीर्ती झाली, त्या संघाने हंगामात केवळ तीन सामने जिंकले व सात गमावले. मिशिगन हॉलिडे बाऊलमध्ये उतरला तेव्हा त्याचे सहा विजय आणि पाच पराभव होते, शिवाय त्याचा क्वार्टरबॅक जिम हार्बो हात मोडल्याने ऑक्टोबरपासून बाहेर होता. ब्रिगहॅम यंगने पराभूत केलेल्या तेरा संघांपैकी एकही असोसिएटेड प्रेसच्या अंतिम वीस संघांत नव्हता. याउलट वॉशिंग्टनने ओक्लाहोमासारख्या मातब्बर संघास हरविले होते, तसेच सप्टेंबरमध्ये, हार्बो जायबंदी होण्यापूर्वी, मिशिगनला त्याच्याच मैदानावर २०-११ असे नमविले होते. ओक्लाहोमाचे प्रशिक्षक बॅरी स्विट्झर यांनी ऑरेंज बाऊलचा विजेता हाच राष्ट्रीय विजेता मानावा, अशी उघड भूमिका घेतली होती. मतदान न करता आकडेमोडीवर क्रम लावणाऱ्या न्यूयॉर्क टाइम्सच्या संगणकीय क्रमवारीत तर फ्लोरिडाला पहिले स्थान होते.

आक्षेपांचे परीक्षण

या युक्तिवादात दोन निराळे प्रश्न एकमेकांत मिसळले आहेत. 'सर्वांत बलवान संघ कोणता?' हा एक प्रश्न, आणि 'सर्वोत्तम कामगिरी कोणाची?' हा दुसरा. पहिला प्रश्न अनुमानाचा आहे. दुसरा पुराव्याचा आहे. वॉशिंग्टन आणि ब्रिगहॅम यंग यांचा सामना झाला असता तर कोण जिंकले असते, हे कोणीही सिद्ध करू शकत नाही. वॉशिंग्टन एक सामना हरला व ब्रिगहॅम यंग एकही हरला नाही, ही मात्र नोंदलेली वस्तुस्थिती आहे.

प्रतिस्पर्धी दुबळे होते, हा आक्षेपही दोन बाजूंनी तपासला पाहिजे. बारापैकी आठ सामने संघटनेच्या वेळापत्रकाने ठरलेले होते. संघटनेच्या विजेत्याने हॉलिडे बाऊलमध्येच खेळावे असा करार असल्यामुळे अग्रस्थानी असूनही ब्रिगहॅम यंगला मोठ्या बाऊलमध्ये वॉशिंग्टन वा ओक्लाहोमाशी खेळण्याचा मार्ग नव्हता. जे सामने निवडण्याची मुभा होती, त्यांत त्याने तिसऱ्या क्रमांकावरील संघाच्या मैदानावर जाऊन खेळणे पत्करले. तो संघ पुढे ढासळेल हे सप्टेंबरमध्ये कोणास ठाऊक होते? शिवाय ही संघटना समजली जात होती तितकी दुबळी नव्हती. ज्या एअर फोर्सला ब्रिगहॅम यंगने पाच गुणांनी हरविले, त्याच एअर फोर्सने त्या वर्षी नॉत्र दामला २१-७ असे पराभूत केले होते.

येथे व्यवस्थेतील विसंगती स्पष्ट होते. ज्या रचनेने या संघाला बलाढ्यांशी भेटू दिले नाही, त्याच रचनेच्या आधारे 'तुम्ही बलाढ्यांशी खेळला नाहीत' असा ठपका त्याच्यावर ठेवला गेला. दार बंद ठेवून आत न आल्याबद्दल दोष देण्यासारखाच हा प्रकार होय.

उत्तरकालीन परिणाम

१९९२ नंतर क्रमवारीतील पहिल्या दोन संघांची गाठ घालून देण्याचे प्रयत्न सुरू झाले. १९९८ मध्ये त्यासाठी बाऊल चॅम्पियनशिप सीरिज ही योजना आली, तर २०१४ पासून निवड समितीने चार संघ निवडावेत अशी पद्धत अवलंबिली गेली. प्रतिस्पर्ध्यांच्या दर्जाला यात मोठे वजन मिळाले. परिणामी १९८४ सारखी घटना जवळजवळ अशक्य झाली. २०१७ साली सेंट्रल फ्लोरिडा विद्यापीठ सर्व सामने जिंकूनही समितीच्या अंतिम यादीत बारावे राहिले. त्याच संघाने १ जानेवारी २०१८ रोजी ऑबर्नला ३४-२७ असे हरविले. अंतिम लढतीत खेळलेल्या अलाबामा व जॉर्जिया या दोन्ही संघांना नोव्हेंबरमध्ये हरविणारा संघ हाच ऑबर्न होता. २०२४ च्या हंगामात बारा संघांची बाद फेरी सुरू झाली व पाच संघटनांच्या विजेत्यांना प्रवेशाची हमी मिळाली. तेव्हा कोठे लहान संघटनेतील संघाला मतांऐवजी मैदानावर उत्तर देण्याची वाट खुली झाली. खुद्द ब्रिगहॅम यंगने तत्पूर्वी, २०२३ मध्ये, बिग ट्वेल्व्ह या मोठ्या संघटनेत प्रवेश घेतला होता.

निष्कर्ष

उपलब्ध पुराव्यावरून असे म्हणता येते की, १९८४ चा ब्रिगहॅम यंग संघ देशातील सर्वांत बलवान संघ होता, हे सिद्ध होत नाही. मात्र पहिल्या क्रमांकास तो पात्र होता, हे सिद्ध होते. समोर आलेल्या प्रत्येकास हरविण्यापलीकडे कोणत्याही संघाच्या हाती काही नसते आणि त्या वर्षी हे एकाच संघाने केले. त्याच्याविषयीची शंका ही त्याच्या कामगिरीपेक्षा मोजमापाच्या साधनाविषयीची शंका होती. क्रमवारी तयार करताना ज्यांना मोजण्याची पुरेशी संधी दिली गेली नाही, त्यांचे उणेपण हा त्यांचाच दोष मानण्याची चूक केवळ क्रीडांगणावर होते असे नाही. संस्थांचे मानांकन करणाऱ्या व करून घेणाऱ्या प्रत्येकाने १९८४ चा हा हंगाम म्हणूनच ध्यानात ठेवावा.