मिसरांतून निर्गमन

इस्राएल लोकांनीं मोशेच्या मागून मिसर देश सोडला, ही कथा आपण बाळपणापासून ऐकत आलों. परंतु मिसरी लेखांत या प्रयाणाचा उल्लेख अद्यापि सांपडलेला नाहीं. स्वतःची नामुष्की दगडावर कोरण्याची राजांना हौस नसते, हें खरें. तथापि तेवढ्यानें शंका फिटत नाहीं. १८९६ सालीं फ्लिंडर्स पेट्री यांस थीब्ज येथें मेर्नप्ताह राजाचा शिलालेख मिळाला. ख्रिस्तपूर्व १२०८ च्या सुमाराच्या या लेखांत कनान प्रांतांतील ‘इस्राएल’ हें नांव येतें. त्यास जोडलेलें चिन्ह देशाचें नव्हे, लोकांचें आहे. त्यांचें बीजही उरलें नाहीं, अशी राजाची बढाई! त्याच लोकांचे वंशज आजही वल्हांडणाच्या रात्रीं बेखमीर भाकर खातात, आणि पास्काच्या जागरणविधींत समुद्र दुभंगल्याचें वाचन आपण ऐकतों.