काझी करीमुद्दीन यांची दुरुस्ती

उर्दू शाळेत नागरिकशास्त्र शिकवताना आम्ही लोकशाहीला ‘जम्हूरियत’ म्हणतो. ‘जम्हूर’ या मूळ शब्दाचे अर्थ दोन आहेत : सर्वसाधारण जनता आणि बहुसंख्य. राज्य प्रतिनिधींमार्फतच चालायचे असेल तर यांपैकी कोणता अर्थ धरायचा? हा वाद ४ जानेवारी १९४९ रोजी घटनासमितीत झाला. तो उपस्थित करणारे होते मध्यप्रांत-वऱ्हाडचे सदस्य काझी सय्यद करीमुद्दीन. आपल्याच मुलखातले हे नाव आपल्या किती घरांत माहीत आहे?

लोकसभेची निवडणूक प्रमाणशीर प्रतिनिधित्वाने व्हावी, अशी दुरुस्ती त्यांनी सुचविली. एका जागेवर सर्वाधिक मते घेणारा निवडून येतो आणि इतरांना पडलेली मते, ती निम्म्याहून जास्त असली तरी, वाया जातात. प्रमाणशीर पद्धतीत अल्पमताला, मग ते धार्मिक असो की राजकीय, आपल्या वाट्याइतके स्थान मिळते. म्हणजे ही मागणी केवळ मुसलमानांपुरती नव्हती.

डॉ. आंबेडकरांनी ती नाकारली. देशात साक्षरता फार कमी आहे. सभागृहाचे तुकडे पडून सरकार अस्थिर होईल. शिवाय अल्पसंख्याकांना राखीव जागा देण्याचे आधीच ठरले आहे, अशी त्यांची कारणे होती. पहिली दोन आम्हांला त्या काळापुरती वजनदार वाटतात. तिसरे मात्र पाच महिन्यांतच गळून पडले. मे १९४९ मध्ये धार्मिक अल्पसंख्याकांच्या राखीव जागा रद्द झाल्या. बेगम ऐजाज रसूल यांनी त्याला पाठिंबाच दिला. राखीव जागांमुळे अल्पसंख्य बहुसंख्यांपासून तुटतात, असे त्यांचे मत होते. झेड. एच. लारी यांनाही राखीव जागा नको होत्या, पण त्यांच्या बदल्यात मतदाराला आपली सगळी मते एकाच उमेदवाराला देता येतील अशी पद्धत त्यांनी मागितली. तीही नामंजूर झाली.

गंमत अशी की, १९४६ साली खुद्द घटनासमितीची निवड प्रांतिक आमदारांनी प्रमाणशीर पद्धतीनेच केली होती. आंबेडकर बंगालमधून प्रथम आले ते याच वाटेने. राष्ट्रपती आणि राज्यसभेचे निवडून येणारे सदस्य आजही असेच निवडले जातात. म्हणजे आमदार-खासदारांना जे पेलते ते सामान्य मतदाराला पेलणार नाही, असे ठरले!

परिणाम आकड्यांतच पाहावा. पहिल्या निवडणुकीत काँग्रेसला सुमारे ४५ टक्के मतांवर ४८९ पैकी ३६४ जागा मिळाल्या. २०१४ मध्ये भाजपला ३१ टक्के मतांवर २८२. २०२४ मध्ये महाराष्ट्राच्या ४८ जागांतून एकही मुसलमान लोकसभेत गेला नाही. मुसलमानाचे प्रतिनिधित्व मुसलमानानेच करावे, असे आमचे म्हणणे नाही. १९०९ च्या विभक्त मतदारसंघांची वाट कुठे गेली ते आपण पाहिले आहे. पण जिथे हरलेल्या उमेदवाराचे मत मोजले जाते आणि तिथेच संपते, ती लोकशाही आम्हांला अर्धीच वाटते.

१९५१ साली देशात साक्षरता सुमारे १८ टक्के होती. २०११ च्या जनगणनेत ती ७४ टक्के भरली. साक्षरतेची ती हरकत आता कशी टिकते, हे कोणीतरी सांगावे.